प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी: आमच्या बेळगाव भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत मी बायकांची शुक्रवारची प्रार्थनासभा घेते, बारा-तेरा वर्षं झाली असतील. सभेत कुणी फारसं विचारत नाही, खरे प्रश्न येतात ते सभा संपून दारात चपला घालताना, हळू आवाजात, "एक विचारू का" म्हणून. वडगाव-शहापूरच्या माग चालवणाऱ्या घरातल्या बायका, कॅम्पातली कॉलेजची पोरं, खानापूरकडच्या खेड्यातनं बस धरून येणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदा बसून लिहून काढले. मी काही पाळक नाही, बायबल कॉलेजलाही गेलेली नाही, जे वाचलं आणि जे जगले त्यातनंच सांगते.

मला प्रार्थना करताच येत नाही. शब्दच सुचत नाहीत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही एकटे नाही. येशूचे शिष्य लहानपणापासून सभास्थानात स्तोत्रं म्हणत वाढलेले यहूदी होते, तरी त्यांनी येऊन "प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा" म्हटलंच की (लूक ११). म्हणजे ही शिकायची गोष्ट आहे, आणि जन्मापासून देवळात वाढलेल्या माणसालाही ती शिकावी लागते.

सुरुवात आत्ता घशाशी जे आलंय तिथूनच करा. पेत्र पाण्यावरनं चालताना बुडायला लागला तेव्हा त्यानं काय म्हटलं, "प्रभूजी, मला वाचवा", झालं, संपली प्रार्थना, आणि येशूनं लगेच हात धरला. आमच्या सभेत एक मावशी येतात, दिवसभर मागावर उभ्या असतात, त्यांनी एकदा डोळे मिटून एवढंच म्हटलं, "बापा, आज अंगात जीवच नाही बघ." पुढं काही नाही, आमेनसुद्धा म्हणायच्या राहिल्या. त्या वर्षी ऐकलेल्या सगळ्या प्रार्थनांत मला तीच लक्षात राहिली, कारण त्यात एकही उसना शब्द नव्हता.

देवाला तू म्हणायचं की तुम्ही?

हा प्रश्न लहान वाटतो खरं बरेच जण इथंच अडतात, कारण आपल्याकडं कितीतरी घरात वडिलांना अहो-जाहो करतात, मग देवबापाला एकदम अरे-तुरे कसं करायचं. मराठी बायबल उघडून बघा, शिष्य येशूशी बोलताना "प्रभूजी, आपण" असं बोलतात, आणि तोच येशू त्यांना बापाशी बोलायला शिकवतो तेव्हा "तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो" असं शिकवतो. जुन्या कन्नड बायबलातल्या प्रभूच्या प्रार्थनेतही 'निन्न'च आहे, आदरार्थी 'निम्म' नाही. आपल्याकडं आईला तू, विठ्ठलाला तू, आणि बापाला अहो अशी जी सवय आहे ना, त्यात प्रभू आपल्याला आईच्या बाजूला नेऊन बसवतो असं मला नेहमी वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर ख्रिस्ताला गुरुमाउलीच म्हणायचे, आणि तुकोबांच्या पुलावरनं आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. तुम्हाला "तुम्ही" म्हटल्याशिवाय मन लागत नसेल तर तसं म्हणा, फक्त लांबच्या साहेबाशी बोलल्यागत बोलू नका.

घरात आम्ही अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो. प्रार्थना शुद्ध मराठीत करायला हवी का?

नको. आपल्या भागात पोरगं शाळेत कन्नड, घरात मराठी, बाजारात दोन्ही, आणि मोबाईलवर हिंदी-इंग्रजी असं वाढतं, आणि सभेला आलं की एकदम "हे सर्वसमर्थ सनातन कृपाळू परमेश्वर पित्या" असं सुरू करतं. ते शब्द वाईट नाहीत, आपल्या थोरांनी ते मनापासून वापरले, त्यांच्या तोंडी ते खरेच होते. पण तुमच्या तोंडी ते पाहुण्यांसमोर घातलेल्या इस्त्रीच्या शर्टासारखे असतील तर काढून ठेवा. माझी आजी मराठीत प्रार्थना करायची, खरं पावसात घराची भिंत कलली त्या रात्री तिच्या तोंडनं "देवरे, कापाडप्पा" (देवा, वाचव रे) एवढंच निघालं, कारण तिचं माहेर कन्नड होतं आणि भीतीला माहेरचीच भाषा येते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाला, लोकांनी देवाची महत्कृत्यं ऐकली ती आपापल्या जन्मभाषेत (प्रेषितांची कृत्ये २), तेव्हा भाषेवरनं आपण इथं जेवढं भांडतो तेवढं निदान प्रार्थनेत तरी नको.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या जंगलात गंगामुळाला. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडित, त्यात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ती सगळी विद्या कशाला लावली तर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला. मला हे फार मोठं वाटतं.

मग पाठ केलेल्या प्रार्थना, जपमाळ, पुस्तकातल्या प्रार्थना चुकीच्या का?

अजिबात नाही. माझ्या निम्म्या मैत्रिणी कॅथलिक आहेत, संध्याकाळी घरात सगळे मिळून जपमाळ म्हणतात आणि त्यातली पोरं प्रार्थनेला आमच्या पोरांपेक्षा जास्त सरावलेली असतात हे मी बघितलंय. स्तोत्रसंहिता म्हणजे तरी काय, १५० ठरलेल्या प्रार्थनाच की. येशूनं क्रूसावर शेवटच्या घटकेला जे शब्द उच्चारले ते २२ व्या आणि ३१ व्या स्तोत्रातले होते, स्वतःचे शब्द जुळवायची ताकद नसते तेव्हा पाठ असलेलंच कामाला येतं. नुसतं तोंड चालू आणि मन गणपत गल्लीत भाजी घेतंय अशी बडबड त्यानं नको म्हटली. प्रभूची प्रार्थना एकदा थांबत थांबत म्हणून बघा, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हटल्यावर थांबायचं आणि आज घरात कशाची ओढाताण आहे ते सांगायचं, मग पुढच्या ओळीला जायचं.

एकच गोष्ट रोज रोज मागितली तर विश्वास कमी आहे असं होत नाही का? एकदा सांगितलं की देवाला कळतंच की.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर देते.

येशूनं यावर दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही लूकमध्ये. पहिली अकराव्या अध्यायात, मध्यरात्री एकाकडे पाहुणा येतो, घरात भाकरी नाही, तो शेजारच्या मित्राचं दार वाजवतो, तीन भाकरी दे म्हणतो. आतला म्हणतो त्रास देऊ नको, दार लावलंय, पोरं माझ्याजवळ झोपलीत. आपल्याकडच्या एका खोलीच्या घरात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, एक उठला की सगळी उठतात. तरी तो देतो, कशामुळं? मराठीत आपण 'आग्रहामुळे' वाचतो, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ याहून धीट आहे, निलाजरेपणा. लाज न धरता मागितलं म्हणून मिळालं.

दुसरी अठराव्या अध्यायातली विधवा, जी न्यायाधीशाकडे हेलपाटे घालते. तो ना देवाला भिणारा ना माणसाला, शेवटी कंटाळून न्याय देतो. इथं लोक चुकतात, त्यांना वाटतं देव त्या न्यायाधीशासारखा आहे आणि आपण त्याला कंटाळा आणायचाय. येशू नेमकं उलटं म्हणतो, असला माणूससुद्धा शेवटी ऐकतो तर तुमचा देव ऐकणार नाही का. जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवायला कचेरीला वर्षभर हेलपाटे घातलेल्या एका विधवा बाईनं मला विचारलं होतं, "ताई, तिथं मी साठ वेळा गेले, देवाकडं का नको जाऊ?" मला याच्यापुढं काही बोलता आलं नाही.

आणि "मागा, शोधा, ठोका" हे जे आहे ना मत्तय ७ मधलं, ग्रीकमध्ये ती क्रियापदं 'करत राहा' अशा अर्थाची आहेत, मागत राहा, शोधत राहा, ठोकत राहा. धरलं जायच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं तीच प्रार्थना तीनदा केली, तेच शब्द परत म्हणून, असं मत्तय सरळ लिहितो. मग तुमच्या-माझ्या विश्वासाला कमीपणा कसा येईल?

आमच्या आजोळी खानापूर भागात अजून धूळवाफ पेरणी करतात, मे संपता संपता कोरड्या मातीत भात टाकायचं, पावसाचा पत्ता नसताना. नंतर रोज संध्याकाळी मामा बांधावर जाऊन ढगाकडं बघून यायचा. बी त्यानं एकदाच टाकलेलं असायचं, पण बघायला रोज जायचा, कारण जीव त्यात होता. तुमचा जीव ज्यात आहे ते तुम्ही रोज बोलणारच, आणि देवाला माहीत असलं तरी त्याला ते तुमच्या तोंडनं ऐकायचंय.

किती दिवस करत राहायचं? कधी थांबायचं?

मला आकडा सांगता येणार नाही. एलियानं पावसासाठी प्रार्थना केली तेव्हा चाकराला समुद्राकडं बघायला सात वेळा पाठवलं, सहा वेळा तो "काही नाही" म्हणून परत आला. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला जडलेला त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि त्याला उत्तर मिळालं, काटा निघाला नाही, कृपा पुरेल म्हणून सांगितलं, मग तो थांबला. म्हणजे उत्तर आलं की थांबायचं, मग ते 'नाही' असलं तरी.

निराधार बायका-मुलींच्या केडगावच्या आश्रमात, मुक्ती मिशनमध्ये, जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं की रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल, ७० जणी पुढं आल्या, आणि महिने गेले तशी संख्या वाढत शेकड्यांवर गेली. जूनअखेर तिथं जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, सुरू झालं ते आपण ऐकतो, त्याच्या आधीचे पाच महिने रोज नुसतं बसणं कुणी सांगत नाही.

माझं सांगायचं तर, वाटणीवरनं आमच्या घरात तुटलं त्याला नऊ वर्षं झाली, भाऊ बोलत नाही. पहिल्यांदा मी प्रार्थना करायचे "देवा, त्याला सुधार, त्याची चूक त्याला दाखव." वर्ष-दोन वर्षांनी ते "आम्हाला एकत्र आण" झालं. आता कधी कधी नुसतं "तो जेवला असेल का रे" एवढंच निघतं. भाऊ अजून आलेला नाही. मी थांबलेली नाही.

एवढी प्रार्थना केली, उपास केले, तरी माणूस गेलाच. मग काय उपयोग?

माझे वडील आजारी असताना पूर्ण मंडळी चाळीस दिवस रात्री नऊला प्रार्थनेला बसत होती. एक्केचाळिसाव्या दिवशी ते गेले. मातीला आलेल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. ते वाक्य कितीतरी वर्षं माझ्या छातीत रुतून बसलं होतं, म्हणून इथं स्पष्ट लिहिते: असं कुणालाही कधीही म्हणू नका. येशूनं गेथशेमानेत दुःखाचा प्याला टळो म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही, त्याचा विश्वास कमी पडला म्हणणार का?

का दिलं नाही हे मला कळलेलं नाही. त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना येत नव्हती, फक्त ८८ वं स्तोत्र वाचायचे, ते सगळ्या स्तोत्रांत वेगळं आहे, शेवटपर्यंत त्यात उजेड येत नाही, अंधारातच संपतं. आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. रोमकरांस ८ मध्ये पौल म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं कसं असतं ते मी दवाखान्यातल्या त्या खाटेशेजारी ऐकलंय, त्यामुळं ही ओळ मला नुसती वाचता येत नाही.

प्रार्थना करतोय म्हणून गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका, बीपी-शुगरची तर नाहीच. आपल्या भागातली कितीतरी माणसं पिढ्यान् पिढ्या मिरजेच्या ज्या दवाखान्यात जात आली तो १८९४ मध्ये डॉक्टर वानलेस या मिशनरीनं सुरू केला. प्रार्थना करणाऱ्या माणसानंच ऑपरेशन थिएटर बांधलं की.

प्रार्थनेला बसलं की मन भलतीकडंच जातं. काय करू?

जिथं जातं ते प्रार्थनेत घ्या. हेस्कॉमचं लाईटबिल आठवलं तर "बापा, हे बिल बघ, पगार दहा तारखेला आहे" म्हणा. सिलिंडर, पोराची फी, जावेचं बोलणं, जे येतं ते त्याच्यासमोर ठेवा, बहुतेक वेळा मन तिथंच जातं जिथं खरी काळजी असते आणि आपण मात्र जगाच्या शांतीसाठी प्रार्थना करत बसलेलो असतो. मागावर दिवसात कितीतरी वेळा धागा तुटतो, मागवाला काही माग मोडून टाकत नाही, गाठ मारतो आणि परत सुरू करतो.

वेळच मिळत नाही हो.

दानिएल दिवसातनं तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकायचा, ठरलेली वेळ असली की बरं पडतं हे खरंच. पण नहेम्याचं बघा, राजानं विचारलं तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी मधल्या त्या क्षणात त्यानं देवाची प्रार्थना केली (नहेम्या २). राजासमोर उभं राहून किती सेकंद मिळाले असतील? "निरंतर प्रार्थना करा" म्हणजे चोवीस तास गुडघ्यावर असं मला वाटत नाही. रेल्वे गेट पडलं की पाच मिनिटं गाडीवर बसून मोबाईलच बघतो ना आपण. मी टिळकवाडीला कामाला जायचे तेव्हा गेटवर थांबलेल्या माणसांसाठीच प्रार्थना करायचे, हेल्मेट घालून, कुणाला कळायचंही नाही. भाकरी थापताना एकेका भाकरीला एकेक नाव, हे मी सासूबाईंकडनं शिकले.

चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना करायला भीती वाटते.

एक वाक्य बोला आणि आमेन म्हणा. पुढच्या आठवड्यात दोन. लांब प्रार्थना करणाऱ्याला देव जास्त ऐकतो असं कुठं लिहिलेलं नाही, छाती बडवत "मज पाप्यावर दया कर" एवढंच म्हणणारा जकातदार नीतिमान ठरून घरी गेला. आणि सभा घेणाऱ्यांना विनंती, नवीन माणसाला नाव घेऊन "आता तुम्ही प्रार्थना करा" असं अचानक सांगू नका, त्या भीतीनं सभेला यायचं बंद केलेली माणसं मी बघितलीत.

देवाचा राग आलाय. तसं बोललं तर पाप लागेल का?

१३ वं स्तोत्र "किती वेळ" असं देवालाच विचारत सुरू होतं, तेही एकदा नाही, चार वेळा. रागावून दुसऱ्याकडं त्याची तक्रार करण्यापेक्षा त्याच्याच तोंडावर बोला. अबोला वाईट.

घरात मी एकटीच विश्वासात आहे. सगळ्यांसमोर प्रार्थना केली की वाद होतात.

हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, एली याजकाला तर वाटलं बाई प्यायलीय (१ शमुवेल १). तीच प्रार्थना देवानं ऐकली. कुणाला दाखवायची गरज नाही, कुणाला दुखवायचीही नाही. सगळे झोपल्यावर पाण्याची मोटर बंद करायला खाली जाता ना, तिथंच दोन मिनिटं उभं राहा. येशूनंच सांगितलंय की खोलीत जाऊन दार लावून घे, आणि तो बाप गुप्तपणे बघणारा आहे. घरच्यांच्या सणावाराला, आजारपणाला हातभार लावत राहा, आणि त्यांची नावं रोज घ्या.

पोरांना कसं शिकवायचं?

त्यांच्यादेखत स्वतःची खरी प्रार्थना करा, बास. माझ्या धाकट्यानं एकदा म्हटलं, "देवा, मम्मी आज उगाचच ओरडली, तिला सांग की." मी शेजारीच बसले होते. त्याला थांबवलं नाही, नंतर त्याची माफी मागितली.

रात्री प्रार्थना करता करता झोपच लागते. देव रागावत असेल का?

गेथशेमानेत शिष्य झोपले तेव्हा येशूनं त्यांना उठवलं, खरं "आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे" हेही तोच म्हणाला. जमलं तर महत्त्वाचं बोलणं सकाळी, चहाच्या आधी उरकून घ्या, आणि रात्री नुसतं दिवसभराचं सांगत पडून राहा. लहान असताना जत्रेहून परत येताना मी अप्पांच्या खांद्यावर बडबडत असायचे, काय काय बघितलं ते सांगत, आणि मध्येच कधीतरी झोपायचे. सकाळी उठले की अंथरुणात असायचे, आणि अप्पा विचारायचे, "हं, मग पाळण्यात बसल्यावर काय झालं म्हणालीस?"